मोज्यांवरचा वॉल्ट्झ

एझ्रा एन्टविसलच्या बँडची लय एवढी पक्की कशी, याबद्दल वर्तमानपत्रांनी काय वाट्टेल ते लिहिलं आहे. एकाने लिहिलं, तो कोटाच्या आतल्या खिशात घड्याळ ठेवतो. दुसऱ्याने लिहिलं, त्याचं हृदयच मिनिटाला बरोब्बर साठ ठोके देतं. हा शोध कुठल्या डॉक्टरने लावला देव जाणे. आम्ही पुढे चौदा वर्षं रेडिओवर वाजवलं, समुद्रकाठच्या ब्लॅकपूलचे सात उन्हाळे गाजवले, आमच्या तबकड्यांवर पार नॉर्वेपर्यंत नाचाच्या शाळा चालल्या. आणि जाऊ तिथे कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारायचंच, "मिसेस पिकप, तुम्ही पहिल्यापासून पियानोवर आहात. खरं गुपित काय हो?" मी सांगायचे, "गुपित पन्नाशीला आलंय, ठार बहिरं आहे आणि महा तोंडाळ आहे." लोक हसून निघून जायचे. त्यांना वाटायचं, बाईला जिन चढली.

मी खरं तेच सांगत होते.

१९५२ सालच्या जूनमध्ये मात्र आमच्यात गुपित असण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. ब्रॅकनशॉच्या रेजिना बॉलरूममध्ये आम्ही सतरा वर्षं वाजवत होतो. बुधवारी आणि शनिवारी गिरण्या सुटल्या की अंगावरचा कापूस झटकून अर्धं गाव तिथे यायचं. लँकेशर परगणाभरच्या नाचाच्या स्पर्धांतली जोडपी सरावाला मुद्दाम आमच्याकडे यायची, कारण एझ्राने तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ सुरू केला की मिनिटाला एकतीस आवर्तनं म्हणजे एकतीस, आणि शेवटपर्यंत त्यात तसूभर फरक नाही. पण रेजिनाचे मालक मिस्टर ऑग्डन यांना तेवढं पुरेना. एका सकाळी ते तालमीला आले, हॅट न काढताच उभे राहिले आणि म्हणाले,

"एझ्रा, पलीकडच्या गावातल्या बॉलरूमने दारावर पाटी लावलीय. 'रेडिओवर ऐकलेला बँड.' माझ्या दारावर मी काय लावू? 'केझीचा भाऊ'?"

"लावा की," एझ्रा म्हणाला. "गावात मला त्याच नावाने ओळखतात."

"थट्टा पुरे. लंडनचा एक बँड यायला तयार आहे. रेडिओवर तीन वर्षं वाजवतोय. सप्टेंबरपर्यंत रेडिओवाल्यांनी तुला घेतलं तर तू राहशील. नाहीतर माझा इलाज नाही."

एझ्राने बँडला इशारे द्यायची छडी स्वरलिपीच्या कागदांवर आडवी ठेवली. रेजिना गेलं तर आम्हा अकराजणांना परत मागावर उभं राहता आलं असतं. मीसुद्धा राहिले असते, शिव्या देत का होईना. एझ्राचं तसं नव्हतं. त्याला बायको नव्हती, पोरं नव्हती, दारू पचत नव्हती आणि फुटबॉल समजत नव्हता. त्याच्याजवळ होता तो बँड, आणि होती केझी.

केझाया एन्टविसल ही त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा केझी बारा वर्षांची आणि एझ्रा तीन. ती गिरणीत लागली आणि तिने याला वाढवलं. चर्चच्या बँडमधून त्याला एक जुनं कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, मिळालं, तेव्हा संध्याकाळी स्वयंपाकघरात हा वाजवायचा आणि ती खुर्चीला धरून नाचायची. "माझा पाय उचलला गेला तर ते वाजवणं," ती म्हणायची, "नाहीतर नुसता आवाज. आवाज मला गिरणीत मिळतो." पुढे त्याच गिरणीने तिचे कान खाल्ले. एझ्राने बँड उभा केला त्या वर्षापर्यंत तिला काहीसुद्धा ऐकू येईनासं झालं होतं. भावाचा बँड तिने कधी ऐकलाच नाही. पण एकही बुधवार-शनिवार तिने चुकवला नाही. लाकडी फरशीतून ढोलाचा आणि माणसाएवढ्या उंच डबल बासचा ठोका तिच्या तळव्यांना कळायचा, आणि कोळसेवाल्या वॉल्टर ग्रिमशॉच्या हातात हात देऊन ती अशी फिरायची की स्पर्धेची जोडपी कडेला उभी राहून बघायची.

आता रेडिओवाल्यांचं. ते बँडला मँचेस्टरला बोलावून परीक्षा घेत. बँड एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत कर्ण्यासमोर बसून नुसते ऐकत. तोपर्यंत आम्ही दोनदा जाऊन आलो होतो आणि दोनदा तोंडावर पडलो होतो. पहिल्या वेळचं पत्र आलं, त्यात एकच ओळ होती: लय एकसारखी राहत नाही. लय! एझ्रा एन्टविसलची! त्याला चोर म्हटलं असतं तरी तो एवढा दुखावला नसता. दुसऱ्या वेळी त्याने लोलकाचं लयमापक यंत्र आणलं आणि महिनाभर आमचा जीव खाल्ला. पत्र आलं: वादन यांत्रिक व निर्जीव वाटते. तिसऱ्यांदा नापास झालं की दोन वर्षं अर्जही करता येत नाही, असा नियम होता. आमची तिसरी तारीख होती पंधरा जुलै.

ऑग्डनसाहेब गेले, आणि आम्ही कशीबशी फॉक्सट्रॉट नाचाची एक धून वाजवायला घेतली. रिकाम्या बॉलरूममध्ये सकाळचं ऊन आणि कोपऱ्यात आमचे डबे घेऊन आलेली केझी, बाकी चिटपाखरू नाही. तिसऱ्या मिनिटाला ती तरातरा मंचापाशी आली आणि तिने फळीवर हात आपटला.

"काय हे!" ती ओरडली. केझीला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे साधं बोलली तरी खिडक्या वाजायच्या. "माझे पाय वेडे झाले! आधी घाई, मग रखडपट्टी. मँचेस्टरला हेच वाजवलंस का?"

एझ्रा तिच्याशी ओठांनी बोलला. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून आमच्याकडच्या गिरणीतली माणसं आवाज न काढता ओठ मोठेमोठे हलवून बोलतात. मी-मॉ म्हणतो आम्ही त्याला. रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला कुणाच्या सुनेबद्दल सांगायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही.

"मला कळत नाही ग केझी," त्याचे ओठ म्हणाले. "शनिवारी सगळं ठीक असतं."

"शनिवारी तू कुठे बघतोस?"

"कुठे म्हणजे? समोर."

"समोर काय असतं?"

"लोक."

"लोकांचं काय बघतोस? तोंडं? तुला सगळ्या गावाचे बूट पाठ आहेत, तोंडं नाहीत. आणि मँचेस्टरला समोर काय होतं?"

"भिंत," त्याचे ओठ म्हणाले.

"मग भिंत नाचेल का, मेल्या?"

मी पियानोवर कपाळ टेकलं. सतरा वर्षं मी त्या माणसाची पाठ बघत होते. तो आमच्याकडे पाठ करून हॉलकडे तोंड करून उभा राहायचा आणि आम्ही त्याच्या उजव्या खांद्यावरून लय उचलायचो. मला वाटायचं, लोकांना दिसावं म्हणून मिरवतोय. तो पाय बघत होता. शंभर जोडपी जरा रेंगाळली की खांदा सावरायचा, जरा पळाली की खांदा आवरायचा. लय त्याच्या डोक्यात नव्हतीच, ती फरशीवर होती. आणि आम्ही गाढवासारखे यंत्र विकत आणत होतो.

"ठरलं तर," एझ्रा आमच्याकडे वळून म्हणाला. "केझी आणि वॉल्टर मँचेस्टरला येतील."

"तुला काय वेड लागलंय?" मी म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "रेडिओच्या परीक्षेला नाचणारे? त्यातून ही बहिरी. ध्वनिक्षेपक चालू झाल्याचा लाल दिवा लागल्यावर एक शब्द जरी बोलली ना, तरी परीक्षकांच्या खुर्च्या उलटतील. आणि बूट? चार बुटांचा टकटकाट त्यांना ऐकू जाणार नाही?"

केझी माझे ओठ वाचत होती. सगळं, अगदी 'बहिरी'सकट. तिने वाकून बूट काढले, डब्यांशेजारी नीट ठेवले आणि करड्या लोकरी मोज्यांवर एक गिरकी घेतली. फरशीने हूं की चूं केलं नाही.

"आणि तोंडाचं म्हणशील," ती मला म्हणाली, "तर आवाज न काढता बोलायला मी बाराव्या वर्षी शिकले. तू सांभाळ तुझं."

परीक्षेचा अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे असे. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात वाद्य. अकरा नावं झाल्यावर एझ्रा माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"बारावं. केझाया एन्टविसल."

"वाद्य?"

"पाय."

"एझ्रा, आपल्याला हसतील रे."

"हसू देत. टाइप कर."

मी टाइप केलं, पण रागाने एवढं जोरात की कागदाला भोक पडलं.

पंधरा जुलैला आम्ही सकाळच्या बसने मँचेस्टरला गेलो. स्टुडिओत आमची व्यवस्था बघायला मिस्टर प्रिडो नावाचे उंच, दक्षिणेकडचे गृहस्थ होते. बोलताना त्यांचे दात एकमेकांपासून हलत नसत, त्यामुळे केझीला त्यांचा एक शब्द वाचता येईना आणि ती त्यांच्यावर आधीच भडकली होती. आम्ही वाद्यं लावत होतो तोवर एझ्रा आणि वॉल्टर यांनी मिळून खोलीतला गालिचा गुंडाळला. खाली छान लाकडी फरशी निघाली. मग वॉल्टरने बूट काढले. त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि अंगठा कोळशाने काळा होता.

मिस्टर प्रिडो धावत आले. "हे काय चाललंय? ही माणसं कोण?"

"अर्जात आहे," एझ्रा म्हणाला. "शेवटची ओळ."

प्रिडोंनी कागद बघितला. "मिस्टर एन्टविसल, नाच रेडिओवर दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"दिसत नाही साहेब. पण ऐकू येतो."

"आणि हे गृहस्थ? यांचं नाव तर अर्जातही नाही."

"तो जोडीला आहे. ती एकटी वॉल्ट्झ कशी करणार?"

प्रिडोंनी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं उरली होती. शेजारच्या खोलीत परीक्षक बसले होते, त्यांना यातलं काहीच दिसणार नव्हतं. "एक जरी आवाज आला," ते दातांतून म्हणाले, "तर मी दिवा बंद करीन." एझ्राने ते मी-मॉ करून केझीला सांगितलं. तिने प्रिडोंकडे बघून एवढं गोड स्मित केलं की मला घाम फुटला.

लाल दिवा लागला.

एझ्राने आमच्याकडे पाठ केली. समोर भिंत होती, पण भिंतीच्या अलीकडे चार पाय होते, दोन करडे आणि दोन काळे. त्याचा खांदा उचलला गेला आणि पहिल्याच आवर्तनात मला कळलं, आज तो आपला शनिवारचा एझ्रा आहे. पहिला वाजवला तो झपझप पावलांचा क्विकस्टेप तर नुसता तरंगला. वॉल्टरसारखा सव्वादोनशे पौंडांचा माणूस त्या एवढ्याशा जागेत कोपरे कापत होता आणि पायांचा आवाज शून्य.

फॉक्सट्रॉटला मात्र घोळ झाला. आमचा ड्रमर अल्बर्ट डकवर्थ, एरवी देवमाणूस, पण परीक्षेने बावरला होता. तो लयीच्या पुढे पळायला लागला. मी त्याच्या मागून ओढले गेले, डबल बास माझ्या मागून. हीच ती पहिल्या पत्रातली ओळ, आता पुन्हा येणार. तेवढ्यात वॉल्टरच्या खांद्यावरून केझीचं तोंड आमच्या दिशेला फिरलं आणि तिने एवढे मोठे ओठ हलवले की टाळूपर्यंतचं दिसलं:

"अल्बर्ट! बस चुकतेय का तुझी?"

बँडमधले आम्ही सगळे गिरणीवाल्यांची पोरं. सगळ्यांनी वाचलं. अल्बर्ट लालबुंद झाला, आणि त्याचे हात जागेवर आले. पुढच्या गिरकीला ती पुन्हा समोर आली. "आता बरं," ओठ म्हणाले. "म्युरियल, पाठ सरळ कर." हे मला. तेव्हापासून ती दर फेरीला एकेकाची हजेरी घेत गेली, आणि प्रिडो कोपऱ्यात उभे राहून तिचं हलणारं तोंड बघत होते. त्यांना बहुधा वाटलं, बाई प्रार्थना करतेय.

शेवटी वॉल्ट्झ. त्याबद्दल मी काय सांगू? मी आयुष्यात हजारो वॉल्ट्झ वाजवले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी कुणासाठी वाजवतेय. त्या बाईला माझा एक स्वर ऐकू येत नव्हता, आणि तिच्याइतकं नीट मला कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी तिला बहिरी म्हणाले होते. माझी मलाच लाज वाटली, आणि ती लाज सगळी डाव्या हातात उतरली असावी, कारण एझ्राने छडी हलवता हलवता मान वळवून माझ्याकडे बघितलं. तसं तो कधी करत नाही.

शेवटचा स्वर विरला. दिवा अजून लाल होता. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. आणि त्या शांततेत पावलांचा आवाज आला.

मी केझीकडे बघितलं. ती स्तब्ध उभी होती. वॉल्टरही. प्रिडोंच्या कपाळावर आठी पडली, ते दाराकडे वळले. आवाज शेजारच्या खोलीतून येत होता. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. बुटांचा. वॉल्ट्झ संपला होता आणि तिकडे कुणीतरी अजून नाचत होतं.

दिवा विझला. प्रिडो आत गेले आणि आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "परीक्षक विचारतायत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचे दात सुटे झाले, "की वॉल्ट्झ... पुन्हा एकदा वाजवाल का? त्यांच्या टायपिस्टचा नाच अर्ध्यावर राहिला."

केझीने हे वाचलं आणि ती अशी मोठ्याने हसली की खिडक्या वाजल्या.

पत्र आठ दिवसांत आलं. ऑग्डनसाहेबांनी ते तीनदा वाचलं आणि हॅट काढली. लंडनच्या बँडला त्यांनी काय कळवलं मला ठाऊक नाही, पण दारावर पाटी लागली ती एझ्राच्याच नावाची, हातभर उंच अक्षरांत.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी साडेसातला, रेजिनाहून आमचं पहिलं थेट प्रक्षेपण होतं. दुपारपासून दाराशी रांग. जे आत मावले नाहीत त्यांनी रेडिओवर नाचायला घरातली टेबलं भिंतीला लावली होती आणि खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. निवेदन करायला खुद्द प्रिडो आले होते. त्यांनी मंचावरून आधीच बजावलं: दिवा लागल्यापासून पहिलं गाणं संपेपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही, शिट्टी नाही, खोकलासुद्धा नाही. साऱ्या देशात ऐकू जाईल. चारशे गिरणीवाले मुकाट उभे राहिले. केझी सगळ्यांत पुढे, नव्या निळ्या झग्यात, वॉल्टरच्या शेजारी. वॉल्टरचे मोजे शिवलेले होते. मी मुद्दाम विचारलं.

दिवा लागला. प्रिडो ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि यादी वाचू लागले. लोकांना दिसावं, ऐकू यावं म्हणून असेल, किंवा ते आमच्याकडून काही शिकले असतील, पण त्या दिवशी ते एकेक शब्द तोंड उघडून, ओठ हलवून म्हणत होते.

"पियानोवर, म्युरियल पिकप. ड्रमवर, अल्बर्ट डकवर्थ." एकेक करत अकरा नावं झाली. मग ते थांबले. हातात माझाच तो कागद होता, भोक पडलेला. आता हे पुढची ओळ गाळणार, मला वाटलं. मीसुद्धा गाळली असती.

"आणि पायांवर," प्रिडो म्हणाले, "मिस केझाया एन्टविसल."

केझीने वाचलं. तिचा हात तोंडावर गेला.

हॉलमध्ये टाळी वाजवायची नव्हती. कुणी वाजवली नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत चारशे तोंडं तिच्याकडे वळली आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलले. केझी. केझी. केझी. जन्मभर मागांवर शिकलेलं ते बिनआवाजाचं बोलणं, पूर्ण ताकदीने, टाळू दिसेपर्यंत. देशभरच्या रेडिओंवर त्या वेळी नुसती शांतता गेली असेल. लोकांनी बटणं पिरगाळून बघितली असतील. एवढा मोठा जयजयकार मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि केझीला ऐकू येईल असा तोच एक होता. ती एकेका तोंडाकडे बघत स्वतःभोवती पूर्ण फिरली, म्हणजे कुणाचं वाचायचं राहू नये.

प्रिडो घाबरून घड्याळाकडे बोट दाखवत होते. एझ्रा हलेना. त्याने छडी उचलली होती आणि ती हवेत तशीच होती. त्याची पाठ माझ्याकडे होती, पण ती पाठ मला सतरा वर्षं पाठ आहे. तो रडत होता.

केझीची फेरी पुरी झाली. तिने भावाकडे बघितलं, झगा सावरला, वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. मंचावरच्या आम्हा सगळ्यांना दिसेल असे.

"रडतोस काय, मेल्या? एकतीस. आणि माझ्या पायांकडे बघ."

एझ्राने खाली बघितलं, आणि त्याचा उजवा खांदा उचलला गेला.